दोन ओळींचं काम म्हणे!

"त्यात काय एवढं? एक्सेलमधून सीएसव्ही काढायची, पायथॉनमध्ये वाचायची, जेसन म्हणून लिहून टाकायची. दोन ओळींचं काम." प्रोग्रामिंगचे वर्ग घेणारे हे सांगतात, मुलाखतीला आलेली मुलं हेच ऐकवतात, आणि प्रकल्पाचा अंदाज काढायला बसलेले मॅनेजर या कामासमोर 'अर्धा दिवस' लिहून मोकळे होतात. विधान खोटं असतं तर बरं झालं असतं. दोन ओळी लिहिल्या की खरोखरच जेसन फाइल तयार होते. ती उघडते, वाचता येते, कुठे लाल अक्षरांत चूक दिसत नाही. मूळ तक्त्यात जे होतं तेच या फाइलमध्ये आहे का, हे मात्र कोणीच विचारलेलं नसतं.

या विधानामागचा समज असा, की तक्ता म्हणजे आकडे आणि अक्षरं भरलेल्या चौकोनांची जाळी. ती एका साच्यातून दुसऱ्या साच्यात ओतायची, की झालं. मला तो समज साफ अमान्य आहे. तक्त्यातला निम्मा अर्थ चौकोनांत लिहिलेलाच नसतो. तो तक्ता भरणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात असतो. रूपांतर करताना तो अर्थ पहिल्यांदाच उघडपणे लिहून काढावा लागतो, आणि तो लिहायचा म्हणजे रकान्यागणिक निर्णय घ्यायचा.

जमिनीच्या नोंदींची एक साधी यादी घ्या. गट क्रमांक, क्षेत्र, खातेदाराचं नाव, पिनकोड, फोन असे पाच रकाने. (इथे अंक मराठीत छापलेत, फाइलमध्ये ते इंग्रजी आहेत असं समजा. तो फरकही दिसतो तितका निरुपद्रवी नाही, त्याकडे नंतर येतो.) पहिल्या ओळीत गट क्रमांक आहे १२/३, म्हणजे बाराव्या गटाचा तिसरा हिस्सा. हे एक्सेलमध्ये सरळ टाइप केलं, किंवा कोणी सीएसव्ही डबल क्लिक करून उघडली, की एक्सेल त्याची तारीख करतं. भारतीय तारखेची मांडणी असलेल्या संगणकावर १२ मार्च, अमेरिकी मांडणी असलेल्यावर ३ डिसेंबर. त्याच अवस्थेत फाइल सेव्ह झाली की सीएसव्हीत '१२-मार्च' जातं आणि तिथून ते निमूटपणे जेसनमध्ये जातं. एकाच कार्यालयात दोन्ही मांडण्यांची यंत्रं असली, तर '१२-मार्च' म्हणजे १२/३ की ३/१२, हे सांगायला पुढे कोणी उरत नाही.

आता क्षेत्र. रकान्यात लिहिलंय १.२०. दोन ओळींवाल्यांच्या दृष्टीने हा दशांश अपूर्णांक, त्यामुळे जेसनमध्ये १.२. जुन्या कागदांवरून उतरवलेल्या यादीत हे एकर-गुंठे असतात. १.२० म्हणजे एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. चाळीस गुंठ्यांचा एकर हे ज्याला माहीत आहे, त्याला यात शंका येत नाही. दशांश म्हणून वाचलं तर १.२ एकर, म्हणजे एक एकर आठ गुंठे. बारा गुंठे जमीन गेली! ना मोजणी, ना फेरफार, ना तलाठ्याची सही. आणि शेवटचं शून्य गळाल्यामुळे परतीचा रस्ताही बंद झाला, कारण १.२ वरून मूळ नोंद १.२ होती की १.२०, म्हणजे दोन गुंठे की वीस, हे आता ओळखता येत नाही.

हल्लीच्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहितात: ०.४५.५०. यात दोन टिंबं आहेत, म्हणून प्रोग्राम त्याला आकडा मानत नाही, मजकूर मानतो. त्याच रकान्यात कोणी नुसतं ०.४५ लिहिलेलं असतं. शंभर आरचा हेक्टर असल्यामुळे ते दशांश म्हणून वाचलं तरी योगायोगाने बरोबर येतं. म्हणजे एका रकान्यात तीन प्रकारच्या नोंदी: एक चुकीची वाचली गेलेली, एक न वाचली गेलेली आणि एक नशिबाने बरोबर निघालेली. बेरीज करणारा प्रोग्राम यावर नेमकं काय करील, ते तुम्हीच बघा.

शिवाय एका गटात तीन भाऊ खातेदार असतात. यादी करणाऱ्याने तिघांच्या तीन ओळी केल्या आणि क्षेत्राचे तीन चौकोन एकत्र जोडून मधोमध एकच आकडा टाकला. कागदावर हे स्वच्छ दिसतं. सीएसव्ही काढली की आकडा फक्त पहिल्या ओळीत राहतो, बाकी दोघांचे चौकोन रिकामे. मग 'रिकामं म्हणजे शून्य' असा कोणीतरी मध्येच घातलेला नियम येतो आणि धाकटे दोघे भूमिहीन होतात. यावर हुशारी म्हणून वरचा आकडा खाली उतरवला, तर तिघांच्या नावावर पूर्ण गट लागतो आणि गावाच्या बेरजेत त्या गटाचं क्षेत्र तिप्पट फुगतं. बरोबर रूपांतर यातलं एकही नाही. इथे गट ही एक वस्तू, तिचं क्षेत्र एकच, आणि तिच्या पोटात तीन खातेदारांची यादी, अशी रचना हवी. जेसनला ही रचना उत्तम जमते, ते त्याचं खरं बळच आहे. पण 'एक ओळ म्हणजे एक ऑब्जेक्ट' या डोळे झाकून लावलेल्या नियमाने ते बळ वायाच जातं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हे एक्सेलचं पाप, आमच्या माथी का? त्यात तथ्य आहे, हे कबूल. एक्सेलच्या या खोडीपायी जनुकशास्त्रज्ञांना जनुकांची नावं बदलावी लागली. 'सेप्ट१', 'मार्च१' अशी लघुनावं एक्सेलमध्ये तारखा होऊन बसत. एक्सेलमधल्या जनुकांच्या याद्या पुरवणी म्हणून जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत अशा चुका आहेत, असं मार्क झिमान आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली 'जीनोम बायॉलॉजी'त दाखवून दिलं. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनेच हात टेकले आणि 'सेप्टिन१', 'मार्चएफ१' अशी नवी नावं दिली. मायक्रोसॉफ्टने हे आपोआप होणारं रूपांतर बंद करण्याची सोय दिली ती त्यानंतर, २०२३ मध्ये.

पण एक्सेल बाजूला ठेवलं तरी आक्षेप घेणाऱ्यांची सुटका नाही. पायथॉनमधली पांडाज ही लायब्ररी घ्या. पिनकोडच्या रकान्यात सगळ्या ओळी भरलेल्या असतील तर ती ४२२००१ हा पूर्णांक मानते. एका ओळीत पिनकोड रिकामा राहिला, की अख्खा रकाना दशांश होतो आणि जेसनमध्ये ४२२००१.० जातं. मुंबईचा ०२२ हा कोड २२ होतो. रकान्यात 'एनए' ही दोन इंग्रजी अक्षरं दिसली की मूल्यच नाही असं समजलं जातं. देशांच्या संकेतयादीत ती अक्षरं नामिबियाची आहेत, तो देश यादीतून नाहीसा होतो. या सगळ्याला सेटिंग आहेत, ती बदलता येतात. मात्र बदलायची कुठली, हे रकाना समजून घेतल्याशिवाय कळणार कसं?

माझा मुख्य राग या अंदाजबाजीवर आहे, आणि तो नुसता अंदाज चुकतो म्हणून नाही. अंदाज फाइलमधल्या मजकुरावर अवलंबून असतो, हा खरा दोष. जानेवारीच्या फाइलमध्ये पिनकोड पूर्णांक, फेब्रुवारीत कोणीतरी एक चौकोन रिकामा सोडला म्हणून दशांश, मार्चमध्ये कोणी 'माहीत नाही' असं लिहिलं म्हणून मजकूर. प्रोग्राम तोच, त्याच दोन ओळी, आणि बाहेर पडणाऱ्या फाइलची जात दर महिन्याला वेगळी. पलीकडे ती फाइल घेणारा प्रोग्राम कोसळतो तेव्हा दोष त्याच्यावर जातो. असं रूपांतर चाचणीतही पास होतं, कारण चाचणीची फाइल कायम भरलेली आणि नीटनेटकी असते.

जेसनसारखाच दुसरा साचा म्हणजे यामल, त्याचा मामला तर याहून मजेशीर. एसटीच्या वेळापत्रकाचा तक्ता घ्या आणि लायब्ररी न वापरता, ओळीला ओळ जोडत यामल लिहा. असं करणारे भरपूर आहेत. यामलच्या १.१ आवृत्तीच्या नियमांनी चालणारं वाचक-साधन ते वाचायला बसलं की १२:३० हा आकडा साठच्या पटीत मोजून ७५० होतो. ०९:३० मात्र शून्याने सुरू होतं म्हणून मजकूरच राहतं. एकाच रकान्यात सकाळची गाडी वेळेवर आणि दुपारची ७५० वाजता! याच नियमांनी मुंबईचा ०२२ अष्टमान पद्धतीने १८ होतो, पुण्याचा ०२० होतो १६, आणि नॉर्वेचा दोन अक्षरी संकेत 'नाही' या अर्थी वाचला जातो. २००९ च्या १.२ आवृत्तीत हे नियम आवरते घेतले, पण १.१ पाळणारी साधनं आजही सर्रास वापरात आहेत. लायब्ररीने यामल लिहिलं असतं तर तिने अशा मूल्यांना अवतरणचिन्हं लावली असती, हे मान्य. त्यासाठीच सांगतो, लायब्ररी वापराच.

लायब्ररीच्या विरोधात मी नाही, उलट स्वल्पविरामावर ओळ तोडून काम भागवणाऱ्यांना मी आधी पिंजऱ्यात उभं करीन. पत्त्यात स्वल्पविराम असतो, १,२५,००० मध्ये दोन असतात, एखाद्या चौकोनात तर एंटर मारून दुसरी ओळही घातलेली असते. अवतरणचिन्हात काय असलं तर काय करायचं, याचे नियम आरएफसी ४१८० मध्ये २००५ साली लिहिले गेले. तेही केवळ माहितीपर टिपण म्हणून, कारण तोवर कित्येक वर्षं सीएसव्ही प्रत्येक जण आपापल्या मर्जीने लिहीत होता. ते नियम लायब्ररी चोख पाळते. चौकोन कुठे संपतो हे ती सांगेल; चौकोनातलं एकर-गुंठे की हेक्टर-आर, हे तिला विचारण्यात अर्थ नाही. "लायब्ररी हजारो लोकांनी तपासलेली आहे" हे उत्तर म्हणूनच गैरलागू ठरतं. लायब्ररी तपासलेली आहे. तुमचा तक्ता तिच्या लेखकांनी पाहिलेला नाही.

दुसरा आक्षेप जास्त उर्मट असतो: कचरा आत घालाल तर कचराच बाहेर येणार, आम्ही काय करणार? हात झटकायला याच्याइतकं सोयीचं वाक्य नाही. इंग्लंडमधली २०२० ची घटना पाहा. प्रयोगशाळांकडून कोविड चाचण्यांचे निकाल सीएसव्हीत येत होते. त्यात कचरा काही नव्हता. पब्लिक हेल्थ इंग्लंडच्या यंत्रणेत ते एक्सेलच्या जुन्या, एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये ओतले जात. त्या प्रकारात ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नाही, आणि एका रुग्णामागे अनेक ओळी खर्च होत. जागा संपली, पुढच्या ओळी गळाल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित रोजच्या आकड्यांतून सुटले. त्या रुग्णांना स्वतःचा निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध घेणाऱ्यांकडे त्यांची नावं वेळेत पोचली नाहीत. माहिती आत येताना शाबूत होती, वाटेत रूपांतराने ती खाल्ली. आत किती ओळी आल्या आणि बाहेर किती पडल्या, एवढं ताडून पाहिलं असतं तरी त्याच दिवशी बोंब झाली असती.

तिसरा आक्षेप जेसनवरच्या भक्तीतून येतो: एकदा जेसन झालं की सगळं शिस्तीत, कारण जेसनला प्रमाण आहे. आहे ना; आरएफसी ८२५९, डिसेंबर २०१७. त्यातच बजावून ठेवलंय की मोठे आकडे सगळीकडे सारखे वाचले जातील याची खात्री नाही. जावास्क्रिप्टमध्ये ९,००७,१९९,२५४,७४०,९९१ च्या पुढचे पूर्णांक नेमके राहतीलच असं नाही. सतरा अंकी खाते क्रमांक आकडा म्हणून पाठवला, तर शेवटचा अंक बदलून पोचू शकतो. ट्विटरला याच कारणाने प्रत्येक ट्विटचा क्रमांक आकड्याबरोबर मजकूर म्हणूनही पाठवावा लागला. शिवाय पायथॉनचं जेसन लिहिणारं मॉड्यूल, रिकाम्या आकड्याच्या जागी, मुद्दाम अडवलं नाही तर, 'नॅन' हा शब्द बिनदिक्कत लिहून देतं. तो जेसनच्या व्याकरणात बसतच नाही, ब्राउझर अख्खी फाइल नाकारतो. म्हणजे दोन ओळींनी बनवलेलं जेसन कधी कधी जेसनही नसतं.

आता मराठी अंकांचं. आपल्याकडच्या पुष्कळ तक्त्यांत अंक देवनागरीत असतात. पायथॉनच्या 'इंट' फंक्शनला देवनागरी ४५ दिलं तर ते बिनतक्रार पंचेचाळीस समजतं. जावास्क्रिप्टचं 'नंबर' त्याच मजकुरावर हात वर करतं. सर्व्हरवर चाललं, ब्राउझरमध्ये आपटलं, आणि दोन टीम एकमेकींकडे बोट दाखवत बसल्या. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये भरलेल्या तक्त्याची गोष्ट आणखी वेगळी: तिथे साठवलेली अक्षरं मुळात मराठी नसतातच, फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. जेसनमध्ये फॉन्ट जात नाही, नुसता कचरा जातो. यात गंमत अशी, की पायथॉनने देवनागरीऐवजी तिरक्या रेघेचे संकेत लिहिले की लोक घाबरून "मराठी बिघडली" म्हणून ओरडतात. ते संकेत पूर्ण निर्धोक असतात, वाचताना मराठी जशीच्या तशी परत मिळते. आणि पिनकोडमागे लागलेलं '.०' मात्र कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही.

"आता तर एआय आहे, तक्ता त्यालाच द्या" हा सगळ्यात नवा तोडगा. रूपांतराचा प्रोग्राम लिहायला त्याची मदत जरूर घ्या, ते काम त्याला चांगलं जमतं. प्रत्यक्ष हजारो ओळी त्याच्या हातून उतरवून घेऊ नका. एखादी ओळ गाळली किंवा 'सुधारली', तर ती शोधायला तुम्हाला पुन्हा ओळीला ओळ ताडावी लागेल, आणि तेवढी मेहनत घेणार असाल तर प्रोग्रामच लिहा. एकर-गुंठ्यांचा प्रश्न मात्र एआयलाही तुम्हालाच सांगावा लागणार. नाही सांगितला, तर तोही अंदाजच करणार, फक्त भाषा जास्त आत्मविश्वासाची असेल.

मग करायचं काय? सगळे रकाने आधी मजकूर म्हणून वाचा, एकही अपवाद न करता. मग प्रत्येक रकान्यापुढे लिहा: हा काय आहे, एकक कोणतं, रिकामा चौकोन म्हणजे 'माहीत नाही', 'लागू नाही' की 'वरच्यासारखंच'. ज्याची कधी बेरीज करणार नाही, तो रकाना आकडा मानू नका. पिनकोड, फोन, खाते क्रमांक, गट क्रमांक हे सगळे मजकूरच. शेवटी ओळींची संख्या आणि एखाद-दुसऱ्या रकान्याची बेरीज दोन्हीकडे ताडून पाहा. हे मी नव्याने शोधलेलं नाही. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने डिसेंबर २०१५ मध्ये वेबवरच्या सीएसव्हीसाठी शिफारसी प्रसिद्ध केल्या. त्यांत फाइलशेजारी एक वर्णनाची फाइल ठेवायला सांगितली आहे: प्रत्येक रकान्याचा प्रकार, रिकाम्याची खूण, ओळीची ओळख ठरवणारा रकाना. त्या वर्णनावरून जेसन कसं काढायचं याचीही वेगळी शिफारस आहे. इतकी वर्षं ती सगळ्यांसाठी खुली आहे, पण दोन ओळींत काम फत्ते करणाऱ्यांना तिकडे बघायला सवड झालेली नाही.

एक शक्यता हे लोक कधीच मांडत नाहीत: रूपांतर न करणं. तक्ता सपाट असेल, पोटात पोट नसेल, तर सीएसव्ही काही वाईट नाही. जेसनमध्ये प्रत्येक ओळीत रकान्यांची नावं पुन्हा पुन्हा लिहिली जातात, फाइल विनाकारण फुगते. जेसन 'आधुनिक' दिसतं एवढ्यासाठी ते करायचं असेल, तर त्याला माझ्याकडे काही उत्तर नाही.

राहिला अंदाजपत्रकाचा मुद्दा. या कामाचा वेळ प्रोग्रामच्या ओळींवरून काढू नका, रकान्यांच्या संख्येवरून काढा, आणि तक्ता भरणाऱ्या माणसाबरोबरची एक बैठक त्यात धरा. ज्या रकान्याचं एकक कोणालाच सांगता येत नाही, तो मजकूर म्हणूनच पुढे पाठवा आणि वर्णनात 'एकक अज्ञात' असं स्पष्ट लिहा. प्रकल्पप्रमुखांना ते आवडणार नाही. त्यांना तलाठ्याकडे पाठवा.